लवकीचे ठोके

ओट्यावर पाच वस्तू होत्या: भिजलेल्या चणाडाळीचं पातेलं, विळी, तिखटाचा डबा, हातभर लांब लवकी, म्हणजे दुधी भोपळा, आणि तिच्या मानेला पट्टा आवळून बांधलेलं नवं घड्याळ. मनगटाला खाज सुटली म्हणून बाबनरावांनी ते काढून ओट्यावर टाकलं होतं. डाळीत पडू नये म्हणून त्यांच्या बायकोने, गोदूबाईंनी, ते लवकीला बांधलं. स्वतःच्या हातात बांगड्या होत्या. घरात दुसरं मनगट नव्हतं.

बाबनराव बुटीबोरीच्या कापड कारखान्यातून निवृत्त झालेले. मागच्या वर्षी हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून ढेकर अडला तरी ते मृत्युपत्राची भाषा बोलत. म्हणून पुण्याच्या अंकुरने बापासाठी ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं. ते काही मोबाइलच्या अ‍ॅपला जोडलं जाईना. मुलगा फोन उचलेना. बाबनरावांनी इंटरनेटवर मदतीचा जो पहिला नंबर दिसला तो लावला.

पलीकडचा माणूस भलताच मायाळू निघाला. अंकलजी अंकलजी करत त्याने जोडणी सुरू केली आणि एकदम आवाज पाडला. म्हणाला, सर्व्हरवर तुमचे ठोके दिसत आहेत, एकशे अठ्ठेचाळीस. दोन हजार रुपये भरले की रिपोर्ट उघडेल, डॉक्टर लाइनवर येतील. मोबाइलवर विनंती आली आहे, फक्त पिन टाका.

बाबनरावांची छाती खरोखरच धडधडू लागली. खात्यात निवृत्तीची सगळी पुंजी होती, पण पुंजी खायला माणूस तर उरला पाहिजे. पिनच्या चार आकड्यांपैकी तीन टाकून झाले.

"कोनाचे ठोके म्हनते तो?" गोदूबाईंनी विचारलं.

"माझेच वं. आनखी कोनाचे?"

"मंग घड्याळ कुठं हाये तुमचं?"

बाबनरावांनी मनगट पाहिलं. तिथे खाजवल्याचा लाल पट्टा होता. मग त्यांनी ओट्याकडे पाहिलं. चौथा आकडा बोटातच राहिला.

गोदूबाईंनी फोन ओढून घेतला. "काहून गा, आता किती झाले?"

"एकशे पंचावन्न, आंटीजी. जल्दी करा."

"मंग लवकीले अटॅक येऊन राहिला बाप्पा. थांब, चिरूनच टाकते तिले."

फोन कट झाला.

संध्याकाळी अंकुरचा फोन आला. त्याने आधी ती विनंती नाकारायला लावली, नंबर ब्लॉक करायला लावला, मग पोटभर हसून घेतलं. पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घड्याळ जोडायला नाही, हे त्याने बापाकडून दोनदा वदवून घेतलं. मग त्याच्या सांगण्यावरून बाबनरावांनी खोक्यातल्या पुस्तिकेवरचं अ‍ॅप घेतलं, ब्लूटूथ चालू केलं, नाव आणि वय भरलं. पैसे कुणीच मागितले नाहीत. दुपारच्या गडबडीत जेवण पोळी-चटणीवर भागलं होतं, त्यामुळे घड्याळ अजून लवकीच्याच मानेला होतं.

पडद्यावर पहिली नोंद उमटली: बाबनराव, वय चौसष्ट, ठोके मिनिटाला एकाहत्तर.