खंडेनवमीची फीत

“समितीने दिनांक १० ऑक्टोबर १९७८ रोजी उमेदवाराची ध्वनिफीत आद्यंत ऐकली. प्रबंधात सांगितलेला स्वरबदल तीत कोठेही आढळला नाही. सबब प्रबंध काल्पनिक ठरतो.”

परभणीच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या नागनाथने चौकशी समितीचा अहवाल शांतपणे वाचला. प्रबंध गेला की पदवी जाणार होती, आणि पदवीमागून नोकरी.

बौद्ध ग्रंथांच्या ओढीने तो चिनी शिकला आणि दक्षिण चीनमधल्या अमॉय बंदराच्या बोलीत अडकला. त्या बोलीत शब्दसमूहातले शब्द आपापला मूळ स्वर, म्हणजे उच्चारातला ठरलेला चढउतार, सोडतात. तो राखतो बहुधा फक्त शेवटचा. वाक्याचा सांधा कुठे आहे, हे कानालाच कळते. पेनांगच्या एका भिक्खूने भरून पाठवलेली फीत हा त्याचा पुरावा होता.

समितीतल्या तिघांपैकी एकालाही चिनी येत नव्हती. निःपक्षपातीपणासाठी एवढे पुरेसे मानले गेले.

सुनावणीत नागनाथने विचारले, “सर, फीत कशावर ऐकलीत?”

“महाविद्यालयाच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर,” अध्यक्ष डॉ. अंगदराव म्हणाले.

“महाविद्यालयाच्याच,” पहिले सदस्य म्हणाले.

“यंत्रावरच,” दुसऱ्यांनी जोड दिली.

“त्या दिवशी खंडेनवमी होती.”

नागनाथच्या विनंतीवरून शिपाई लिंबाजीने यंत्र आणले, न्हाऊ घातलेल्या तान्ह्यासारखे दोन्ही हातांवर तोलून. रिळांवर झेंडूची सुकलेली माळ होती. बटणांवरून थापलेले हळदकुंकू वाळून एकसंध खपली झाले होते. तिला तडाही गेला नव्हता.

“लिंबाजीमामा, पूजा कुणी केली?”

“ह्या अध्यक्ष सरांनीच की. नारळ फोडला आन् म्हणले, दसऱ्याचं सोनं वाटल्याबिगर याला हात लावशील तर घरी बसवीन. पुढं कुणाला याची गरजच पडली न्हाई.”

“आणि टाइपरायटर?”

“त्योबी पूजेलाच व्हता. अहवाल आदल्या दिवशीच टाइप करून घेतला.”

म्हणजे फीत ऐकण्याच्या आदल्या दिवशी तिच्यात काय आढळले नाही, हे ठरले होते. पहिल्या सदस्यांनी दुसऱ्यांकडे पाहिले, दुसऱ्यांनी अध्यक्षांकडे. सूर द्यायला कोणी उरले नव्हते.

शेवटच्याने मूळ स्वर राखावा, हा नियम परभणीतही पाळला गेला. डॉ. अंगदराव प्रथमच घरच्या बोलीत बोलले:

“पूजेला बसलेलं यंत्र लावावं कसं, नागनाथराव? पाप लागलं असतं. आन् ऐकून तरी काय, चिनी आमाला कुठं येतीय? न ऐकताच लिवलं.”