जे पाण्यात, ते माझ्यात

मी अझोला बोलतोय. पाण्यावर तरंगणारी, नखाएवढ्या पानांची हिरवी वनस्पती. मला शेत लागत नाही. वीतभर पाणी, थोडं शेण आणि जराशी सावली मिळाली, की आठवडाभरात मी दुप्पट होतो. कोंबड्या मला आवडीनं खातात. त्याचाच मला अभिमान होता. आता त्याचीच लाज वाटते.

कारखान्यांनी वेढलेल्या कुरुळी गावात सुमनताईंच्या घरामागं मी आलो तो दुधाच्या रिकाम्या पिशवीतून. सुमनताई मूळच्या बीडकडच्या. नवरा ज्योतीराम कंपनीत कंत्राटी कामाला. त्यांच्या खुराड्यात नऊ गावरान कोंबड्या होत्या. खाद्य परवडेना, तेव्हा एका शिबिरातून ताईंनी मला ओंजळभर आणलं. ज्योतीरामनं चार बाजूंना विटा रचल्या, आत जुना फ्लेक्स अंथरला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांवर मी पसरलो.

रोज सकाळी ताई मला चाळणीनं काढायच्या, दोन पाण्यांनी धुवायच्या आणि कोंड्यात कालवून टाकायच्या. कोंबड्या तुटून पडायच्या. अंड्यांचा बलक पिवळाधमक झाला. शेजारच्या कस्तुराबाईंच्या नातीला रोज एक अंडं जाऊ लागलं.

एप्रिलात टँकर तीन-तीन दिवस येईनासा झाला. माझं पाणी आटलं, मी फ्लेक्सला चिकटलो. ताई बाजाराला गेल्या होत्या. शिफ्टवरून आलेल्या ज्योतीरामला माझी कीव आली. कारखान्यांमागच्या ओढ्यावरून त्यानं चार कॅन भरून आणले. पाण्यावर तेलाची झाक होती, वासही येत होता. तो क्षणभर थांबला आणि मग त्यानं ते ओतलंच. मी तहानलेला होतो. मी प्यायलो. ताई परतल्या, तेव्हा त्यांना वाटलं, टँकर येऊन गेला.

आमची खोड अशी, की पाण्यात असेल ते आम्ही अंगात साठवतो. मग वरून कितीही धुवा, ते जात नाही. मी तांबूस पडलो. ताईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी आपली जुनी साडी माझ्यावर सावलीला बांधली आणि मला काढणं चालूच ठेवलं.

पंधरा दिवसांत कोंबड्यांनी अंडी बंद केली. माना टाकून बसू लागल्या. एका आठवड्यात सहा गेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "याला पाणी कुठलं?"

"टँकरचं," ज्योतीराम म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती.

मग ताईंच्या मनात भलतंच आलं. मागं कोंबड्यांनी कस्तुराबाईंचा कोथिंबिरीचा वाफा उकरला होता, त्यावरून बोलाचाली झाली होती. ताई कुंपणाशी जाऊन ओरडल्या, "मुक्या जिवांला इख घातलं तुम्ही! कामून केलं असं?"

कस्तुराबाई कपडे वाळत घालत होत्या. हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. "माझी नात तुझ्या कोंबड्यांची अंडी खाती सुमन, आन् मी इख घालीन व्हय?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

ते सगळं ज्योतीरामनं दारातून ऐकलं. मीही ऐकलं. गुन्हेगार आम्ही दोघं, आणि शिक्षा तिसरीलाच.

दुसऱ्या सकाळी ताई उरलेल्या तीन कोंबड्यांसाठी मला घेऊन निघाल्या. ज्योतीरामनं त्यांचं मनगट धरलं. "नको घालू. पाणी ओढ्याचं होतं. मीच आणलं."

ताईंनी मनगट सोडवून घेतलं. "डॉक्टरापुढं का नाही बोललात?"

"कोंबड्या मरताना बघत होतो. तोंडच उघडेना."

ताईंनी चाळणी खाली ठेवली आणि तशाच कस्तुराबाईंच्या दारात गेल्या. मागोमाग ज्योतीराम. दोघांनी झालं ते सांगितलं, पाया पडले. कस्तुराबाई म्हणाल्या, "कोंबड्या पुन्यांदा येतील. पर त्वा माझ्यावर संशय घेतला, त्यो न्हाई इसरायची लगेच." नात दारामागून बघत होती, तिला त्यांनी आत ओढून घेतलं. त्याच दिवशी ज्योतीरामनं डॉक्टरांना खरं सांगितलं आणि नातीला दवाखान्यात दाखवून आणलं. पोर ठणठणीत आहे. कस्तुराबाई मात्र अजून ताईंशी बोलत नाहीत.

आता मी एका पोत्यावर वाळत पडलोय. मला शेणखतात टाकायचं नाही, ओढ्यात तर नाहीच, असं डॉक्टरांनी बजावलंय. माझ्या भाऊबंदांना जरूर वाढवा; गरिबाच्या कोंबड्यांना त्यांचा मोठा आधार आहे. पण त्यांना काय पाजता, ते आधी बघा. आणि चुकलात, तर त्याच दिवशी बोला. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.