लांबचंय, तगडं घे

ॲडलेडहून आलेलं पत्र ट्रेव्हर नीबोनने रुग्णवाहिका ठाण्याच्या चहाच्या खोलीत मोठ्याने वाचलं आणि सहकारी नोरीनच्या हातातली अर्धी खाल्लेली पेस्टी तशीच राहिली. बंद पडलेल्या हृदयाला पहिला झटका एकशेवीस जूलचा द्यावा की दोनशेचा, याची किनाऱ्यावरच्या आठ रुग्णवाहिका ठाण्यांत दोन वर्षं चाललेली तुलना संपली होती. दोनशेवाले जास्त दगावले होते. पुढच्या महिन्यापासून सगळी यंत्रं एकशेवीसवर.

"घ्या! आपण उगाच त्या दोनशेच्या तगड्याच्या मागे लागलो होतो," ट्रेव्हर हसला.

"लागलो होतो, म्हणूनच हे असं आलंय!" नोरीन कडाडली. "डोकं आहे की खोकं?"

ठाण्यात दोन यंत्रं होती, एक एकशेवीसचं, एक दोनशेचं. रोज सकाळी ॲडलेडने चिठ्ठ्या टाकून भरलेलं बंद पाकीट फोडायचं आणि त्यात निघेल ते यंत्र गाडीत ठेवायचं, एवढंच काम. पण लांबच्या शेतावरून फोन आला की ट्रेव्हर ओरडायचा, "लांबचंय, तगडं घे!" ही हुशारी त्याने बाकीच्या ठाण्यांनाही शिकवली. चाळीस किलोमीटर खडीचा रस्ता तुडवून पोचेपर्यंत माणूस जवळजवळ गेलेलाच असायचा. गावातला, तीन मिनिटांत गाठलेला, तो एकशेवीसच्या वाट्याला. मग तगडं हरणार नाही तर काय! आणि वर दया केल्याचा तोरा. नोरीनला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला. लांबच्या शेतावर पडलेल्या लेस जॉलीच्या वेळी यंत्र तिनेच बदललं होतं.

"त्यांच्या भल्यासाठीच केलं ना आपण?" ट्रेव्हरचा आवाज खाली आला. "गप्प बस बाई, नोकरी जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात!" तिने त्याच्यासमोरच ॲडलेडला फोन लावला.

ही तुलना चालवणाऱ्या तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "कुठल्या कुठल्या वेळी बदललं, लिहून ठेवलंय?"

"नाही."

"मग सगळं रद्द. पुन्हा पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

दुपारी नोरीन लेसच्या बायकोकडे गेली. नवरा गेल्यावर आठवड्याभरात डल्सीने त्याला या तुलनेच्या मोजणीत धरायला सही दिली होती, पुढच्या कुणाच्या तरी माणसाला उपयोग होऊ दे म्हणून. नोरीनने काहीही न लपवता सांगितलं.

"म्हणजे माझा लेस मोजलाच जाणार नाही?"

"नाही."

"दोन वर्षं! इतकी माणसं गेली, आणि तुम्ही शहाण्यांनी त्यांची माती केलीत!" डल्सीने लॅमिंग्टन केकची बशी तिच्यासमोरून उचलून घेतली. मग कुंपणापलीकडे बोट केलं. "तो शेजारचा रॉन. दोनदा छातीत कळ येऊन गेलीय. उद्या तो पडला, तर कुठला झटका देशील गं त्याला?"

"पाकिटात निघेल तो," नोरीन म्हणाली.