नमुना उत्तर

केसांचा काळा आकडा, टोकाची बोंडं निघून गेलेला, आणि त्यात धरलेली चोवीस पानं… लारिसानं ती टेबलावर ठेवली तेव्हा विनयाबाईंना आधी तो आकडाच दिसला, मग पानांच्या कडा, हाताळून हाताळून मऊ पडलेल्या, आणि मग त्यांवरचं अक्षर. आपलंच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, नवरा गेला, मुलानं उचलून पार न्यूझीलंडात, हॅमिल्टनला आणून ठेवलं, तरी अक्षर काही बदललं नाही. टपोरं, शिस्तशीर. चिंचवडच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांनी हेच अक्षर फळ्यावरून उतरवून घेतलं होतं. ‘विनयाबाईंच्या नोट्स’ म्हणून दुसऱ्या शाळांतली पोरंसुद्धा झेरॉक्स मारून न्यायची. उगाच नाही.

“सुरुवात करू?” लारिसानं इंग्रजीत विचारलं.

आज गुरुवार. शनिवारी तिची इंग्रजीची तोंडी परीक्षा, दुसऱ्यांदा. तिकडे कझाकस्तानात, कारागांडाच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं नर्स असलेली ही बाई इथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, कारण इंग्रजी पास झाल्याशिवाय नर्स म्हणून नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर मार्चमध्ये व्हिसा संपला की चालू लागा. गेल्या महिन्यात अर्ध्या गुणानं गेली. अर्ध्या! बाईंना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पाठांतर कच्चं राहिलं, दुसरं काय, असं म्हणून त्यांनी नमुना उत्तरांची आणखी आठ पानं लिहून दिली होती.

कम्युनिटी हॉलच्या मागची ही छोटी खोली, मंगळवारी इथे बाईंकडे इंग्रजी शिकायला सात रशियन बोलणारी माणसं बसतात आणि गुरुवारी एकटी लारिसा. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, तुमच्या वडिलांचं नाव काय? गुरुनाथ, बाई म्हणाल्या, जरा बुचकळ्यात पडूनच. “विनया गुरुनाथोव्ना,” लारिसा म्हणाली आणि मान लववली. त्यांच्याकडे शिक्षकाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत म्हणे, बापाचं नाव लावतात. बाईंना हसू आलं होतं, आणि मग घरी जाताना बसमध्ये एकदम रडू… चाळीस वर्षं कागदोपत्री विनया राजाराम, अण्णांचं नाव लग्नाच्या मांडवातच सुटलेलं, आणि ते इतक्या लांब, असं शेपूट लावून, एका परक्या बाईच्या तोंडून परत मिळालं होतं. त्या दिवसापासून लारिसावर जीव जडला तो जडलाच.

“करू या,” बाई म्हणाल्या. घड्याळ समोर ठेवलं, आवाज परीक्षकाचा केला. “कुटुंबातल्या अशा एका व्यक्तीबद्दल सांगा, जिच्याशी तुम्हाला बोलायला आवडतं.”

“मी तुम्हाला माझ्या मुलाबद्दल सांगणार आहे,” लारिसा सुरू झाली, पाठ ताठ, हात मांडीवर. “तो इंजिनीअर आहे. त्याला खूप काम असतं, तरीही रोज संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र जेवतो. माझी नात मला शाळेतल्या गमती सांगते आणि मी तिला माझ्या लहानपणीच्या…”

वा! एक चूक नाही. ते इंग्रजीतले ‘ए’ आणि ‘द’, जे रशियनमध्ये नाहीत आणि आपल्याकडे तरी कुठे आहेत, ते मेले अगदी जागच्या जागी. बाई मान डोलवत होत्या. हीट पंपाची ऊब पायांवर येत होती, बाहेर कुणीतरी कुणाला ‘किया ओरा’ म्हणून माओरीत नमस्कार करत होतं, आणि लारिसा सांगत होती की आम्ही खूप हसतो, जेवणानंतरही बराच वेळ टेबलावरून कुणी उठत नाही… आणि बाईंची मान डोलायची थांबली.

कुणाच्या घरची गोष्ट ही?

माझा अनिरुद्ध ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दूध पावडरीच्या कारखान्यातून येतो तेव्हा सात वाजून गेलेले असतात. सुनेची, नीलिमाची, फार्मसी उशिरापर्यंत. नात इशिता साडेसहालाच खाऊन घेते, आयपॅड समोर धरून, आज काय झालं गं शाळेत, विचारलं तर “नथिंग, आजी. जस्ट स्कूल.” गुणाची आहे पोर, उद्धट अजिबात नाही. एकदाच, अगदी गळ्यात हात टाकून, म्हणाली होती, आजी, तू व्हेजिटेबल चुकीचं म्हणतेस, आणि तीनदा म्हणून दाखवलं होतं. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला! हसून साजरं केलं मी. पण तेव्हापासून मी तिच्यासमोर इंग्रजी जपून बोलते, ती मराठी बोलतच नाही, आणि आम्हा दोघींच्या मध्ये ती भाजी तशीच निवत बसलेली असते.

आणि तरी लिहिलं. जानेवारीतल्या एका संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहूनच लिहिलं — रोज संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र जेवतो. खोटं नव्हे ते. नमुना उत्तर होतं. नमुना उत्तरातली माणसं नेहमी एकत्रच जेवतात. ‘माय फादर’ निबंधात आमच्या वर्गातल्या पन्नास जणांचे बाप दयाळू आणि कष्टाळू असायचे, ती सातवी ब मधली अस्मिता, तिचा बाप घर सोडून गेलेला, सगळ्या गल्लीला ठाऊक, मलाही ठाऊक. तिनंही सुंदर अक्षरात लिहिलं होतं, माझे वडील मला अभ्यासात मदत करतात. दहापैकी आठ दिले मी. दोन स्पेलिंगचे कापले… कापले गं बाई, खरंच कापले.

लारिसा शेवटाला आली, श्वास घेऊन थांबली.

“लारिसा,” बाई म्हणाल्या, “तुला मुलगा आहे?”

लारिसा गोंधळली. आकडा काढून पानं चाळायला लागली. “हा कितवा प्रश्न?”

“हा परीक्षेतला नाही. मी विचारतेय.”

“नाही,” ती म्हणाली. “मुलगा नाही.”

पाच महिने. पाच महिने ही बाई दर गुरुवारी समोर बसते, हिला मूलबाळ काय हे आपल्याला ठाऊक नाही, आणि आपला मुलगा, आपली नात हिला तोंडपाठ. करायला गेले गणपती नि झाला मारुती, तोही दुसऱ्याच्या देवळात!

“मागच्या वेळी,” लारिसा हळूच म्हणाली, शब्द शोधत, “परीक्षक बाईनं मला थांबवलं. मध्ये. विचारलं, तुमच्या मुलाला लहानपणी काय आवडत होतं. त्याचं पान नव्हतं. मी गप्प बसले. खूप वेळ.”

“अगं, मग मला सांगायचं नाहीस?”

“पानं तुम्ही हातानं लिहिली होती, विनया गुरुनाथोव्ना.” तिनं पानांवरून तळवा फिरवला. “शिक्षकाला असं कसं सांगणार?”

म्हणजे तो अर्धा गुण माझा होता. घोका आणि ओका म्हणून दुसऱ्या मास्तरांना नावं ठेवली जन्मभर, आणि इथे एका मोठ्या, संसार केलेल्या बाईचा पोपट करून ठेवला. तरीही हात गेलाच पेनकडे… मुलाचं लहानपण, एक पान, पटकन होईल, क्रिकेट नको, सायकल घालू… जित्याची खोड! त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं आणि चेन लावून घेतली. पानं उचलून पलीकडच्या खुर्चीवर ठेवली.

“बोल,” म्हणाल्या. “तुझं.”

“चुका होतील.”

“होऊ देत.”

“शनिवारी परीक्षा,” लारिसा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत सरळ भीती दिसली, मार्चची. बाईंनाही तीच वाटत होती. दोन दिवसांवर आलेली परीक्षा आणि आपण हिच्या हातची काठी काढून घेतोय. पडली तर? त्यांनी आपली खुर्ची जरा पुढे ओढली.

“मुलगी,” लारिसा म्हणाली. “एक मुलगी. कारागांडा.” मग तुकडे. मुलगी रागावलेली आहे. आजी मेली तेव्हा तू नव्हतीस, म्हणते. अनोळखी म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला पृथ्वीच्या टोकाला गेलीस आणि आपल्या आईला… फोन घेत नाही. दोन वर्षं. म्हणून दर रविवारी ती नदीवर जाते आणि एक फोटो पाठवते. बदक, झाड, काहीही. उत्तर येत नाही. “पण दोन निळ्या खुणा येतात,” लारिसा म्हणाली, काळ सगळे चुकवत, काल आणि उद्या एकाच वाक्यात कोंबत. “बघते ती. पंधरा मिनिटांत बघते. त्यांच्याकडे तेव्हा पहाट होईल. म्हणजे वाट बघत होती ना?”

अकरा चुका बाईंनी मोजल्या होत्या, सवयीनं. मग मोजायचं कधी राहिलं कळलंही नाही.

“बघत असणार गं,” त्या म्हणाल्या. मराठीतच. लारिसानं मान हलवली, समजल्यासारखी. मग डोळे पुसून विचारलं, “शनिवारी हे सांगू?”

“सांग.”

“पास होईन?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न हजारदा आला असेल, आणि ‘होशील हो, न व्हायला काय झालंय’ हे उत्तर तयारच असायचं. आजही जिभेच्या टोकावर आलं.

“मला माहीत नाही, लारिसा.”

लारिसा रागावली नाही. उलट खुर्चीत जरा सैल बसली, कितीतरी दिवसांनी कुणी खरं बोललं असावं तशी. घड्याळात अजून बारा मिनिटं होती. तिनं घड्याळ बाईंच्या समोरून उचललं आणि आपल्यासमोर ठेवलं.

“आता तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “कुटुंबातली व्यक्ती.”

बाई हसल्या, हात झटकला, पण ती थांबून राहिली, रात्रपाळीची नर्स थांबते तशी, घाई न करता. मी तोंड उघडलं. पानावरचं पहिलं वाक्य आलंच धावत, त्याला दारातच अडवलं. मग म्हणाले, अडखळत, की मला एक नात आहे, आठ वर्षांची, आणि आम्हाला दोघींना एकमेकींची थोडी भीती वाटते… क्रियापद चुकलं. मला कळलं चुकलं ते. पण मागे जाऊन ते नीट करायला मला वेळ नव्हता. पुढचं सांगायची फार घाई झाली होती.