चिमीची साखर

चिमी दीड वर्षाची झाली तरी अंग धरत नव्हती. खाल्लेलं पोटात ठरत नसे. उलट्या, जुलाब, मधूनच एकदम गळून जाणं. पावलं मात्र सुजलेली. भावजय कामाला जाते, पोरीच्या खाण्याकडे तिचं लक्ष नाही, असं ताईंचं मत झालं होतं, आणि ताईंचं मत एकदा झालं की ते देवालाही हलवता येत नसे. धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं, त्यामुळे त्याच्या घरात त्यांच्या शब्दाला वजन. एकदा पाहुण्यांसमोर त्या बोलून गेल्या, "आईला वेळ असता तर पोर अशी वाळली नसती." भावजय उठून आत गेली. भावाने बायकोची बाजू घेतली नाही, आणि ताईंना त्याचं बरंही वाटलं.

तपासण्यांचा निकाल घ्यायला ताईही सोबत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोळा काढला आणि त्याला फांद्या काढल्या.

"आपल्या पेशींवर, रक्तातल्या प्रथिनांवर साखरेच्या अशा साखळ्या असतात. त्या नसतील तर प्रथिनांना आपली कामं धड करता येत नाहीत. त्यासाठी लागणारी एक साखर हिच्या शरीरात पुरेशी तयार होत नाही. म्हणून आतडी, यकृत बिघडलं."

"म्हणजे खाण्यात कमी पडलं?" ताईंनी विचारलं.

"नाही हो. जन्मजात आहे. दोष अर्धा आईकडून आला, अर्धा वडिलांकडून. उलट आईने इतकं जपलं म्हणून पोर तगली."

ताईंना मान वर करवेना. भावजय त्यांच्याकडे बघतही नव्हती. औषध कसं द्यायचं ते विचारत होती. औषध म्हणजे मॅनोज नावाची तीच साखर, पाण्यात विरघळवून दिवसातून चार-पाचदा.

घरी आल्यावर ताईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला फार लागेल असं बोलले गं मी."

भावजय भांडी विसळत राहिली. "बोललात चारचौघांत, ताई. आणि आता मी एकटी असताना सांगताय."

पुढच्या आठवड्यात तेच पाहुणे चिमीला बघायला आले. ताईंनी त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. "दोष आमच्याही रक्तात होता, आणि मी हिला बोल लावला." कुणीतरी "जाऊ द्या हो" म्हणालं. भावजय चिमीच्या औषधाची वेळ झाली म्हणून उठली.

हळूहळू उलट्या थांबल्या, सूज ओसरली, चिमी धरून उभी राहू लागली. एका सकाळी कामाच्या घाईत भावजयीने औषधाची वाटी ताईंपुढे केली. "तुम्ही पाजता का?"

ताईंनी वाटी घेतली. तिच्या नजरेला नजर देणं मात्र त्यांना जमलं नाही.