पालम युनायटेडचं घरचं मैदान

चंद्रभान कंडक्टरला दोन गोष्टी मुळीच खपत नसत. एक म्हणजे घंटी वाजून गाडी थांबल्यावर मग आपलं गाठोडं शोधायला लागणारा प्रवासी. दुसरी म्हणजे एका दिवसात उरकणारी फुटबॉलची स्पर्धा.

पहिलीचं समजण्यासारखं होतं. दुसरीचं त्याच्या बायकोलाही, म्हणजे चतुराबाईलाही, लग्नाला वीस वर्षं होऊन उमगलं नव्हतं. चंद्रभानचं पोरवय हैदराबादला मामाकडे गेलं. तिथं त्याला फुटबॉल लागला, जसा एखाद्याला तंबाखू लागतो. परत येऊन जिंतूर डेपोत कंडक्टर झाला तरी तो सुटला नाही. इकडे फुटबॉल खेळला जाई तो असा, की कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिल्ड ठेवायची, सकाळी आठ संघ उतरवायचे आणि संध्याकाळी एकाच्या गळ्यात हार घालायचा. बाकीचे दुपारीच सायकली काढून घरी.

"ह्याला खेळ म्हणत न्हाईत," चंद्रभान म्हणायचा, "चाळणी म्हणतेत."

त्याला लीग हवी होती. रेडिओवर त्यानं ऐकलं होतं, इंग्लंडात, जर्मनीत मोठमोठे क्लब वर्षभर एकमेकांशी खेळतात. प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्याच्या दारी. कुणी मधेच बाद होत नाही. आपल्याकडे कलकत्त्याला लीग होती, गोव्याला होती, पण अख्ख्या देशाची अशी नव्हती. देशाला जमलं नाही ते जिंतूर डेपोनं का करू नये, असा सरळ विचार त्यानं केला. सालही बरं होतं. मेक्सिकोचा वर्ल्ड कप नुकताच टीव्हीवर झाला होता, आणि ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर बसलेली पोरं गोठ्यातल्या खुंट्यांवर चेंडू मारत सुटली होती.

चार क्लब उभे राहिले. जिंतूर इलेव्हन, सेलू ॲथलेटिक, वालूर स्पोर्टिंग आणि पालम युनायटेड. नावं अर्थातच चंद्रभाननं रेडिओवरून उचललेली. बसस्टँडच्या कँटीनच्या भिंतीवर त्यानं गुणांचं टेबल रंगवलं. कापसाचे व्यापारी बन्सीधरशेठ अध्यक्ष झाले. नियम चंद्रभाननंच बसवले आणि ते रेडिओवाल्यांपेक्षा कडक बसवले. त्यातला एक असा, की ज्या क्लबाच्या घरचा एक जरी सामना संक्रांतीपर्यंत राहील तो लीगमधून गेला, आणि त्याचे आधीचे सगळे निकालही पुसले जातील.

पावसाळ्यात सुरू झालेली लीग दसऱ्यापर्यंत छान चालली. नामांतराच्या त्या वर्षांत जी पोरं गावात एकमेकांच्या ओट्यावर बसायची नाहीत, ती एसटीच्या एका बाकड्यावर बसून दुसऱ्या गावाला हरवायला जात होती. चंद्रभान ते तिकिटं फाडता फाडता बघायचा. आणि हातातला तिकिटाचा चिमटा वाजवायचा. आंदोलनात रस्ते बंद झाले तेव्हा एक सामना मात्र दोनदा पुढे गेला. पालमचा, वालूरशी, पालमच्या मैदानावर. बाकी सगळे सामने झाले, हा एकच राहिला.

चंद्रभाननं तो दिवाळीनंतरच्या रविवारी लावला. त्यामागं त्याचा कंडक्टरी हिशेब होता. दिवाळीची गर्दी ओसरली की पालमकडच्या गाड्या दरवर्षी रिकाम्या पळतात, म्हणजे वालूरच्या पोरांना बसून जाता येईल.

त्या रविवारी चंद्रभान आणि वालूरचे अकरा जण ऐसपैस बसूनच पालमला उतरले. मैदानावर शेळ्या चरत होत्या. एका कडेला एक म्हातारा बसला होता.

"फुटबॉलवाली पोरं कुठं हाईत, बाबा?" चंद्रभाननं विचारलं.

"ती व्हय? गेली की कारखान्याला. ऊसतोडीला."

"कवा?"

"दसरा झाला का गेली. दरसाल जातेत. तुमी कंडक्टर न्हवं? तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

चंद्रभान तिथंच उभा राहिला. माणसं ऊसतोडीला जातात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गोलकीपर जातो, हे डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं दिवाळीनंतर गाडीत नजर फिरवताना त्याला रिकाम्या सीटा दिसल्या होत्या. त्यांच्यावरून उठून गेलेली माणसं दिसली नव्हती.

वालूरचा कप्तान लिंबाजी हसून म्हणाला, "मास्तर, शेळ्यांसंगं खेळू का?"

घरी आल्यावर चतुराबाईनं ताट वाढता वाढता सगळं काढून घेतलं.

"युनायटेड म्हंजी काय वो?"

"एकजूट."

"मग एकजुटीनं ऊस तोडायला गेले म्हणा की."

चंद्रभान हसला नाही. तो भाकरी नुसती कुस्करत होता. तेव्हा ती जवळ बसली. "एवढं काय झालं? एका सामन्यानं काय होतंय?"

"एका सामन्यानं अख्खी लीग जाती," तो म्हणाला. "पालम गेलं का तीनच उरले. तिघांची लीग कुणी करतं का? शेठ म्हणतील, सोडा हे, एक दिवसाची शिल्ड ठिवू. अन् ती पोरं… गड्यांनो, तुमी खेळलाच न्हाईत, असं त्यांना मी सांगायचं. खेळलेलं पुसायचं."

"नियम कुणी केला?"

"मीच."

"मग काय तर," चतुराबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.

शेठनी अगदी तेच म्हटलं. माणूस वाईट नव्हता, पण हार घालायला त्याचे हात सारखे शिवशिवायचे. कँटीनमध्ये बशीत चहा ओतत ते म्हणाले, "चंद्रभान, नियम तुमचाच हाय. संक्रांतीपर्यंत झालं तर ठीक. न्हाई तर मी चांदीचं शिल्ड आणतो. एका दिवसात मोकळे."

तोवर चंद्रभाननं निरोप धाडला होता. ड्रायव्हरच्या तोंडी ड्रायव्हर, तिथून कारखान्याच्या गेटवरचा पानवाला, तिथून तोडीवाल्यांचा मुकादम. पालमचा कप्तान म्हणजे गोलकीपर वैजीनाथ. त्याचा जबाब त्याच वाटेनं उलटा आला. 'आमाला सुट्टी न्हाई. पण कारखाना धुवायला बंद ठिवतेत, त्या दिवशी तोड नसती. त्या दिवशी तुमीच या, चहा आमी पाजताव.'

"हे चालत न्हाई," शेठ म्हणाले. "सामना पालमच्या घरचा हाय. पालमचं मैदान पालमात. तुमीच शिकवलं आमाला."

चंद्रभाननं क्षणभर कँटीनच्या दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "शेठ, घरच्यानं चहा पाजायचा, चेंडू द्यायचा, मैदान आखायचं. एवढंच ना घरचा सामना म्हंजी? ती पोरं सहा महिने तिथं ऱ्हातेत. चूल तिथं, लेकरं तिथं, बैलं तिथं. चहा पाजू म्हणलेत. आता पालमात त्यांचं काय हाय? कुलूप."

शेठनी बशी खाली ठेवली. "जावा," ते म्हणाले. "पण संक्रांतीच्या आत. पुढं मी ऐकायचो न्हाई."

कारखाना संक्रांतीच्या अगदी तोंडावर बंद होणार असल्याचं कळलं. चतुराबाईनं अकरा जणांना पुरतील एवढ्या दशम्या केल्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा गच्च भरून दिला. "लीग न्हाई ही, सवत हाय माझी," डब्याचं झाकण दाबत ती म्हणाली. "तिच्या माहेराला सुदिक मीच दशम्या करायच्या."

लिंबाजी आणि त्याची पोरं चंद्रभानबरोबर गाड्या बदलत बदलत निघाली. वालूर गेलं नसतं तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. त्यांचा दुसरा नंबर पक्का होता. चंद्रभाननं तसं म्हटल्यावर लिंबाजी म्हणाला, "मास्तर, आमी काय धर्म करायला येत न्हाई. गेल्या बारीला त्या वैजीनाथनं माझे तीन गोल अडवलेत. ते वसूल करायचेत."

कारखान्याजवळच्या गाडीतळावर उसाच्या पाचटाच्या कोप्या ओळीनं उभ्या होत्या. बैल निवांत रवंथ करत होते. तोडलेल्या फडात बुडखे टोचतात म्हणून पालमच्या पोरांनी गाडीतळावरच मैदान काढलं होतं. रेषा राखेच्या. गोल म्हणजे मागं कलंडवलेल्या दोन-दोन बैलगाड्या, धुरा आभाळाकडं केलेल्या. आल्या आल्या सगळ्यांना गुळाचा चहा मिळाला.

"मास्तर, बसा," वैजीनाथ म्हणाला. त्याच्या अंगात पालम युनायटेडचा निळा शर्ट होता आणि मनगटापर्यंत हात उसाच्या पात्यांनी कापलेले. "ही आमची मंडळी." त्यानं बायकोकडे हात केला.

झुंबरबाईनं पदर सावरून चंद्रभानकडे पाहिलं. "तुमीच व्हय ते? रोज रातच्याला तुमचं नाव निगतंय. पुसतील का, पुसतील का. म्या म्हणलं, पुसलं तर पुसलं, तुज्या तोंडावरचं नाक न्हाई पुसत."

बायका लेकरं काखेला मारून मैदानाभोवती बसल्या. खेळ सुरू झाला आणि चंद्रभानच्या लक्षात आलं, की पालमला असं खेळताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या माणसांसमोर ती पोरं पहिल्यांदाच खेळत होती. पालमात बायका दिवसभर खुरपणीला रानात, मग मैदानावर बघायला कोण असायचं? म्हातारे आणि शेळ्या. इथं चेंडू नुसता कुणाच्या पायाशी आला तरी त्याची आई, बायको, भावजय ओरडत होती. लिंबाजीनं एक गोल केला, पालमनं तो फेडला. अर्धा वेळ झाला तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती.

आणि कारखान्याचा भोंगा वाजला.

मुकादम लगबगीनं आला. "चला रे, साफसफाई लवकर उरकली. कारखाना सुरू व्हायलाय. गाड्या जुंपा."

"अर्धाच खेळ राहिलाय," चंद्रभान म्हणाला.

"मास्तर, तुमची गाडी टायमाला सुटती ना? मग माझी बी सुटू द्या की."

मुकादमाचं खरं होतं. अर्धा सामना म्हणजे सामना नव्हे, हेही खरं होतं, आणि तेही त्याच्याच नियमात होतं. पालमची दोन पोरं शर्ट काढायला लागली. वैजीनाथ गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. चंद्रभानला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात लिंबाजी पुढं आला. "मुकादम, राहिलेला खेळ खेळू द्या. मग आमी अकरा जण तुमच्या फडात उतरतो. अंधार पडस्तोवर."

मुकादमानं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "ऊस तोडलाय का कदी?"

"दोन एकर हाय घरचा."

"तोडलाय का इचारलं."

लिंबाजी कानामागं खाजवायला लागला. "तोडून घेतलाय."

बायका अशा हसल्या, की बैलांनी माना वळवल्या. झुंबरबाई उठली आणि तिनं कोयता हातात घेतला. "खेळू द्या वो, दादा. बायका आमी म्होरं जाताव, तोडीला लागताव. ही बागायतदार मंडळी मागून येऊ द्या. आज त्यांना बी कळंल, ऊस कुठून धरायचा."

मुकादम स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. मग गाडीवानांकडे वळून ओरडला, "गोलाच्या गाड्या सोडून बाकीच्या जुंपा!"

असा दुसरा अर्धा झाला. चहूबाजूंनी बैल जुंपले जात होते, चाकं करकरत होती, आणि मधे बावीस जण जीव तोडून पळत होते. बायका फडाकडे निघून गेल्या होत्या. तिकडून मधूनच कुणीतरी हाळी द्यायचं, "किती झालेऽऽ?" आणि पालमचा डावा खेळाडू पळता पळता तोंडाशी हात नेऊन सांगायचा. शेवटी वालूरनं तीन-दोननं जिंकलं. वैजीनाथनं लिंबाजीचे दोन अडवले, पण तिसरा त्याच्या पायांतून गेला. चंद्रभाननं शिट्टी वाजवली, अगदी लांब, छातीतली सगळी हवा संपेपर्यंत.

मग कबूल केल्याप्रमाणे वालूर स्पोर्टिंग फडात उतरलं. पहिल्या पाच मिनिटांत दोघांनी बोटं कापून घेतली. "अगं बया, तोडायलेत का भादरायलेत?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या सरीत हशा पसरला. लिंबाजी लाल होऊन वाकला आणि मुळाशी घाव घालायला शिकला. चंद्रभाननंही सदरा काढून ठेवला. त्या दिवशीचे ओरखडे त्याच्या हातांवर पुढे पंधरा दिवस होते. तिकीट देताना तो बाह्या मुद्दाम वर करायचा.

ऊन उतरलं. उसाच्या ओळीशेजारी मोळ्या पडल्या होत्या. झुंबरबाई मोळी बांधता बांधता थांबली.

"मास्तर, खरं सांगा. ह्यो जिंकला का हरला?"

"हरला."

"मग भरताना गाणं म्हणायलाय ते कशाचं?"

चंद्रभाननं वर पाहिलं. वैजीनाथ गाडीवर उभा राहून ऊस रचत होता. निळा शर्ट त्यानं काढलाच नव्हता. "चार क्लबांत चौथा आलाय," चंद्रभान म्हणाला. "लीग पुरी झाली, बाई. आता कुणाला काही पुसता येत न्हाई."

हे त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी ऐकावं, असं त्याला वाटत होतं. पण कुणी कोयता थांबवला नाही. कुणी मान वळवली नाही. सगळ्यांना अंधाराआधी गाडी भरायची होती. ह्या बातमीनं भरून आलेला एकटा तोच होता, आणि तो सरीच्या मधोमध रिकाम्या हातांनी उभा होता.

"झाली ना पुरी?" झुंबरबाई म्हणाली. "मग उभं कशाला ऱ्हायलाव? धरा." आणि तिनं एक मोळी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली.

ती त्याला वाटली होती त्याहून जड निघाली. मान सावरत, पाचटातून पाय उचलत तो गाडीपर्यंत गेला. वरून वैजीनाथनं वाकून दोन्ही हात पुढे केले.