तिसऱ्या माळेला आलेली देवी

तुमच्या घरात देव्हाऱ्याच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याआड, चांदीच्या कागदाची एक पट्टी पडलेली असेल. आधी उठा, बघा, मग पुढचं वाचा. झोपेची गोळी. कुणासाठी आणली, कुणी लिहून दिली, हे घरात एकालाही धड सांगता येणार नाही. विरजण मागावं तशी आपल्याकडं बायका ती शेजारणीच्या दारात मागतात, आणि शेजारीणही वाटीभर ताक द्यावं तशी देते. दुखण्याचं औषध आपण घोटभर चहाइतकं स्वस्त केलंय!

कारेगावच्या चाळीत अनसाबाईच्या घरी हेच झालं.

अनसाबाईचं सारं आयुष्य मेंढरांमागं गेलं. नवरा तात्याबा, मेंढरांचा खांड, घोड्यावर बिऱ्हाड. आज या शिवारात, उद्या त्या. आभाळाखाली आडवं व्हायचं आणि झोपेतही एक कान मेंढरं कोंडलेल्या जाळीकडं ठेवायचा. तात्याबा गेला आणि मेंढरं विकली. एकुलता एक सर्जेराव रांजणगावला कंपनीत लागला होता, त्यानं आईला कारेगावात पत्र्याच्या खोलीत आणलं. त्या पत्र्याखाली म्हातारीचा डोळा लागेना. उठून दार उघडायची, मेलेल्या कुत्र्यांना नावानं हाका मारायची, तात्याबाशी भांडायची. सर्जेरावाची शिफ्टची झोप मोडायची.

त्यानं आईला विचारावं की नाही, आई, तुला काय होतंय? नाही विचारलं. फाट्यावरच्या डॉक्टरनं थोड्या दिवसांपुरती म्हणून अर्धी गोळी लिहून दिली होती. ते दिवस संपले, गोळी संपली नाही. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली नाही, यानं दाखवली नाही. काही महिन्यांनी अर्धीला झोप येईना, तशी एक झाली. एकीच्या दोन झाल्या. म्हातारी सकाळी भिंत धरून चालायला लागली. मोरीत पडून मनगट मोडलं. तव्यावरची भाकरी विसरून जाळायला लागली. नातवाला बापाच्या नावानं हाक मारायला लागली. घरचे म्हणाले, वय झालं. गोळीचं नाव कुणी काढलं नाही. कारण म्हातारी गप्प झाली होती, आणि आपल्याकडं घरातली बाई गप्प बसली की ती सुखात आहे असं धरून चालतात.

असं करता करता नवरात्र आलं. घरात घट बसला. अनसाबाईचा उपास कडक असायचा. पाणी आणि एखादं फळ, बाकी तोंडात काही घालायचं नाही. तिनं ठरवलं, औषधही नाही. सून पूनमनं गोळी पुढं केली तर म्हातारीनं हात झटकला. पूनमनं सर्जेरावाला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, देवीच्या निमित्तानं सवय तरी सुटेल.

दुसऱ्या माळेला म्हातारीचे हात थरथरायला लागले. अंगावरचं लुगडं घामानं भिजलं. खोलीच्या कोपऱ्यात तिला मेंढरं दिसायला लागली, त्यांना ती हाकायला लागली. पूनम घाबरली. चाळीतल्या बाया म्हणाल्या, घाबरू नको, वारं येतंय.

तिसऱ्या माळेला सकाळची आरती चालली होती. टाळ्यांच्या आवाजात अनसाबाई ताठ झाली, डोळे फिरले आणि ती जमिनीवर कोसळून हातपाय झाडायला लागली.

चाळीत एकच हाकाटी झाली, देवी आली! तबकं आली, खण-नारळ आले. कुणी तिच्या कपाळाला मळवट भरला, कुणी दातखीळ बसलेल्या तोंडात तीर्थ ओतलं. झटका ओसरून ती कण्हायला लागली, तर लोक त्या कण्हण्याचा अर्थ लावायला बसले. कंत्राटावर राबणारा एक गडी हात जोडून विचारत होता, आई, माझं पर्मनंट कधी व्हायचं? आणि पोटचा पोरगा सर्जेराव उंबऱ्यात उभा, छाती फुगलेली, आलेल्या-गेलेल्याला कुंकू लावतोय.

तेवढ्यात दौंडहून तुळजाबाई आली. तुळजाबाई म्हणजे तात्याबाची थोरली बहीण, अनसाबाईची नणंद. भावजयीची ओटी भरायला म्हणून सकाळच्या एसटीनं आली होती. तिनं गर्दी बाजूला सारली, खाली बसली, अनसाबाईचं तोंड बघितलं. ओठातून रक्त येत होतं. जीभ चावली गेली होती. लुगडं खालून ओलं झालं होतं. तुळजाबाईनं हातातला खण भावजयीच्या अंगावर पांघरला, तिला कुशीवर वळवलं आणि मग मान वर केली.

"सर्ज्या, देवी कवा लुगड्यात मुतती का रं?"



चाळीतला वडीलधारा गेणबा म्हणाला, बाई, जपून बोला, कोप व्हईल. अशात हलवू नये, नऊ दिस जाऊ द्या.

"कोप व्हायचाच तर माझ्यावं होऊ द्या, मामा. ही बाई आचकं देतीया आन् तुम्ही तिला पर्मनंट इचारताय? तुमची आई पडली आसती तर आसंच कुंकू लावलं आसतं व्हय?"

तेवढ्यात अनसाबाईला दुसरा झटका आला. हा आधीच्यापेक्षा लांबला. ओठ निळे पडले. सर्जेराव पुढं झाला, पुन्हा मागं सरला. एवढ्या लोकांसमोर देवीला उचलून दवाखान्यात न्यायचं म्हणजे घरात आलेला मान आपल्या हातानं घालवायचा. त्या घटकेला त्याच्या मनात आईचा जीव एकीकडं आणि चाळीतला मान दुसरीकडं होता, आणि तो विचार करत उभा होता. विचार! आईच्या जीवाचा विचार करायला वेळ लागतो, असा पोरगा कशाला जन्माला घालायचा?

पूनमनं मात्र विचार केला नाही. पदर खोचला, बाहेर धावली आणि रस्त्यावरची प्रवासी जीप अडवून दारात उभी केली.

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, अंग सैल पडलं, मग विचारलं, कोणती गोळी चालू होती? सर्जेराव म्हणाला, कोणतीच नाही. पूनमनं त्याच्याकडं बघितलं. तेव्हा तो अडखळत म्हणाला, "झोपेची तेवढी घेती, पण ती काय औषध हाय का, बाई?"

तेच तर! साखरेची गोळी, बीपीची गोळी, त्या औषध. झोपेची गोळी म्हणजे जणू विडा-पान.

डॉक्टरीणबाईंनी सगळं काढून घेतलं. किती दिवसांपासून, किती गोळ्या, कधी बंद केली. मग समजावलं की भडका उडू नये म्हणून मेंदूला स्वतःचा ब्रेक असतो. ही गोळी तो ब्रेक दाबून धरते, म्हणून जीव शांत होतो, झोप येते. पण रोज दाबला की मेंदू आपला ब्रेक ढिला सोडतो, म्हणून गोळी वाढत जाते. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात ती दिवसाही रेंगाळते. तोल जातो, आठवण जाते. वर दारू घेतली तर श्वास बंद पडू शकतो. आणि एक दिवस गोळी तटकन तोडली की ब्रेकच नाही. हात कापतात, नाही ते दिसतं, झटका येतो, जीवही जातो.

"म्हंजी आसं बघ," तुळजाबाई भाच्याला म्हणाली, "दुसऱ्याची कुत्री आणून राखणीला बांधली. आपली कुत्री आळसावली, भुकायची इसरली. आन् एका दिवशी दुसऱ्याची कुत्री सोडून दिली. मग लांडगं काय वाट बघत बसत्यात?"

डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, अगदी असंच. इंजेक्शनही त्याच गोळीच्या भावकीतलं आहे. आता गोळी पुन्हा सुरू करायची आणि काही महिने घेऊन थोडी थोडी उतरवायची, मी सांगेन तशी. घाट उतरताना कळप पळवत नाहीत ना, तसं.

सर्जेराव म्हणाला, मेडिकलवाल्याला बघतोच. त्यानं दिलीच कशी?

तुळजाबाईचा आवाज चढला नाही, पण वॉर्डातले चार पेशंट वळून बघायला लागले.

"त्याला मग बघ. आदी सोताला बघ. तुला आई नको व्हती, सर्ज्या. तुला गप्प बसल्याली आई पायजे व्हती. माझा भाऊ कोकरू आजारलं तर त्येला उराशी धरून बसायचा. तू आईला गोळी दिली आन् कूस बदलून झोपला."

सर्जेराव आईच्या पायाशी बसला. अनसाबाईला शुद्ध येत होती. तिनं आधी नणंदेला ओळखलं, "वन्सं, वटी राहिली की," म्हणाली. मग पोराकडं बघून विचारलं, "कुत्र्यांला भाकर टाकली का रं?"

एरवी तो म्हणाला असता, कसली कुत्री, पड गुमान. या वेळी त्यानं आईचा हात धरला. विचारलं, कोणत्या कुत्र्याला, आई? नाव काय त्याचं?

तिथं तो बदलला. पुढचं सारं त्यातून आलं. मेडिकलवाल्याच्या दुकानासमोर चाळीतले दहा जण घेऊन तो गेला, आणि चिठ्ठीशिवाय पट्टी देणार नाही हे कबूल करवूनच हलला. आईची बाज पत्र्याखालून काढून बाहेर ओट्यावर टाकली. कामावरून आला की तिच्याजवळ बसायचा, ती तात्याबाचं सांगायची, हा ऐकायचा. गोळी पायरीपायरीनं उतरली. मधे तिला त्रास झाला, चिडचिड झाली, झोप मोडली. सर्जेरावानं पुन्हा गोळी वाढवली नाही, आणि तोडलीही नाही. डॉक्टरीणबाई सांगतील तेवढीच.

पुढच्या नवरात्रात अनसाबाई ओट्यावर ताठ बसून वाती वळत होती. तो कंत्राटी गडी पाया पडायला आला, आणि सवयीनं बोलून गेला, आई, औंदा तरी पर्मनंट?

"मला काय इचारतो, तुझ्या सायबाला इचार की," ती म्हणाली. "मागल्या साली मी मरत व्हते तवा दवाखान्यात न्यायचं सोडून पर्मनंट इचारत व्हतास न्हवं? बस. वाती वळ."

आणि त्यानं मुकाट्यानं वाती वळल्या.

तर मंडळी, ती पट्टी बघितलीत ना? डॉक्टरानं लिहून दिली असेल तर तो सांगेल तेवढीच आणि तेवढेच दिवस. शेजारणीला देऊ नका, शेजारणीची घेऊ नका. रोज घेणारं कुणी असेल तर उपासाच्या भरात, रागाच्या भरात एकदम तोडू नका. आधी दवाखाना गाठा. आणि घरात कुणी जागं राहून रडत असेल, तर त्याला निजवायच्या आधी विचारा, का रडतोस. आपल्याला निवांत झोप मिळावी म्हणून दुसऱ्याला गुंगीत ठेवणं, याला सेवा म्हणत नाहीत. तोंड दाबणं म्हणतात.